झोळ धरणारी

एकट्या बाईने मोठ्या पलंगाच्या चादरीची घडी घालायची म्हणजे हट्टी मुलाला सदरा घालण्यासारखं. एक बाही चढवावी तर दुसरी निसटते. बारकीने दोन टोकं दोन हातांत धरली, हात फाकतील तेवढे फाकवले, तरी चादरीचं पोट जमिनीवर लोळतच राहिलं. मग तिने जुळवलेली टोकं दातांत धरली, खालची कड उचलायला वाकली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून काहीतरी गुणगुणत होतो आणि आता गप्प झालोय.

कुठे गप्प झालो? 'ध'वर. नेहमीसारखंच.

तिने अर्धवट घडीची चादर पियानोसमोरच्या स्टुलावर टाकली, ओले नसलेले हात सवयीने कमरेला पुसले, आणि उभ्या उभ्याच काळ्या पट्ट्यांवर बोटं ठेवली. सा रे ग. सा रे ग. ग प ध प. ग प ध. इथवर चाल आईची होती. त्यापुढे तिने ध प ग रे सा असं उतरून वाजवलं. ते गोड होतं, सुबक होतं, कपाटाचं दार लागावं तसं लागत होतं. पण ते उसनं होतं. पियानो शिकवणाऱ्या बाईंनी दिलेलं. आईने चाल कशी संपवली होती ते बारकीला काही केल्या आठवत नव्हतं, आणि दुपारी ताई येणार होती.

स्टुलावरची चादर हळूच घसरून खाली पडली. बारकीने ती पाहिली आणि तशीच राहू दिली.

बारकी म्हणजे आता काही बारकी राहिली नव्हती. पन्नाशी उलटलेली, अंगाने भरलेली, गुडघे कुरकुरणारी बाई. घरबसल्या लोकांचे पडदे शिवून द्यायची. पण दोघी बहिणींत धाकटी, म्हणून आईने जे नाव ठेवलं ते गोंदणासारखं राहिलं. पडद्याची मापं द्यायला येणारी गिऱ्हाइकंसुद्धा "बारकीताई आहेत का?" असं विचारायची. नवरा म्हणायचा, "दारातून आडवी आत येते आणि नाव काय तर बारकी."

आई लॉजच्या चादरी धुवायची. चौकापलीकडे एक लॉज होतं, तिथून रोज सकाळी गाठोडी यायची आणि संध्याकाळी घड्या होऊन परत जायची. धुणं, पिळणं, वाळत घालणं आई एकटी करायची. घडीला मात्र माणसं लागतात. एका बाजूला आई, समोर ताई, आणि मधे बारकी. आई आणि ताई दोन दोन टोकं धरून लांब उभ्या राहायच्या, चादर ताणून एक झटका द्यायच्या, मग एकमेकींकडे चालत यायच्या. त्या जवळ आल्या की चादरीला झोळ पडायचा आणि तो फरशीला टेकायला बघायचा. तो टेकू द्यायचा नाही, हे बारकीचं काम. ती चादरीखाली शिरायची आणि दोन्ही हात वर करून झोळ उचलून धरायची. वरून ओलसर, साबणाच्या वासाचं पांढरं आभाळ, दोन्ही बाजूंनी पांढऱ्या भिंती, आणि समोरून आईचे पाय जवळ येताहेत.

आणि त्या पायांबरोबर ती चाल यायची. तिला शब्द नव्हते. आई तोंड मिटून गुणगुणायची. टोकं उचलली की सुरू, पावलं जवळ आली की वर चढत जायची. मग टोकांना टोकं मिळायची, चादर बारकीच्या डोक्यावर पडायची, कान झाकले जायचे, आणि त्यापुढचं तिला ऐकू यायचं नाही. कापड दूर होईपर्यंत आईने पुढची चादर उचललेली असायची आणि चाल पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आपल्या आईचं गाणं मुलांना घरातल्या घड्याळासारखं असतं, चालू आहे तोवर ऐकूच येत नाही. पुढे लॉजवाल्यांनी धुण्याचं यंत्र आणलं, गाठोडी यायची थांबली, आईही थकली, आणि एक दिवस देवाने तिला बोलावून घेतलं. घरात आईचा फोटो होता, आईची कात्री होती. आवाज कुठे ठेवलेला नव्हता. त्या काळी धुणं धुणाऱ्या बाईचा आवाज कोण धरून ठेवणार?

तेव्हापासून बारकीच्या मनाने एक घेतलं होतं: चादर पडल्यावर आई जे गायची ते आपलं ऐकायचं राहून गेलं. सकाळच्या प्रार्थनेत ती सगळ्यांसाठी मागायची, नवऱ्याच्या पाठीसाठी, ताईच्या कानासाठी, आणि सगळ्यांत शेवटी, जरा लाजूनच, त्या शेवटासाठी. इतकी दुखणी-खुपणी सोडून देवाकडे गाण्याचा तुकडा मागायचा म्हणजे जास्तच झालं, हे तिला कळत होतं. पण देवाजवळ नाही मागायचं तर मग कुणाजवळ मागायचं?

पियानो घरात आला तो कुणी मागितला म्हणून नव्हे. बारकीचा नवरा बिऱ्हाडं हलवायच्या गाडीवर होता. एका कुटुंबाचं सामान चौथ्या मजल्यावर न्यायचं होतं. त्या घरच्या बाईंनी पियानोकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "हा तुम्हीच ठेवा हो." नवऱ्याने तो गाडीतल्या तिघांच्या मदतीने घरी आणला, दार बिजागऱ्यांसकट काढलं, आणि घाम पुसत म्हणाला, "पदरी पडलं आणि पवित्र झालं. याचं आता काय करायचं ते तू ठरव. कपाट असतं तर निदान भांडी ठेवली असती."

"वाजतो का?"

"वाजतो की. उतरवताना माझ्या पायावर वाजला."

पहिले काही दिवस त्यावर शिवायचे पडदे पडून असायचे. मग एकदा पडदे उचलताना बारकीची कोपरं काळ्या पट्ट्यांवर पडली, आणि उठलेला आवाज कानाला बोचला नाही. तिने पुन्हा कोपर ठेवलं. पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवून पाहिलं, तर भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं झालं. काळ्यांवर तसं होत नव्हतं. मग तिने एकेका बोटाने आईची चाल शोधायला सुरुवात केली, आणि दुपार संपता संपता तिला कळलं की आई काळ्या पट्ट्यांवरून खाली उतरतच नव्हती.

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत पियानो शिकवणाऱ्या बाई होत्या. दुकान त्यांच्या वडिलांचं, चष्म्यांबरोबर कानाची यंत्रंही विकणारं. बाई वयाने बारकीची मुलगी शोभाव्यात अशा, सदा सर्दी झालेल्या, आणि भिंतीवर अजून तो अक्षरं लहान लहान होत जाणारा तक्ता. बाहेर ठेंगण्या बाकावर आठ-नऊ वर्षांची मुलं रांगेत बसलेली. बारकी त्यांच्यात गुडघे छातीशी घेऊन बसली, तेव्हा शेजारच्या मुलीने विचारलं, "तुम्ही कुणाला न्यायला आलात?"

"मलाच," बारकी म्हणाली. "तास संपला की मीच मला घेऊन जाणार."

बाईंनी चाल ऐकली, नाक पुसलं आणि म्हणाल्या, "काकू, यात पाचच सूर आहेत. सा रे ग प ध. मध्यम नाही, निषाद नाही. आधी ही पाच सुरांची सरगम हातात बसू द्या. चाल कुठे पळून जात नाही."

"ती केव्हाच पळालीये. म्हणून तर आले."

बाई हसल्या आणि त्यांनी बारकीचा हात धरून काळ्या पट्ट्यांवर ठेवला. पट्ट्या पाहिल्यात तर त्या तीन आणि दोन अशा गटांनी असतात. बाई लहान मुलांना शिकवत तसंच तिला म्हणाल्या, "या तिघी. आणि थोडी जागा सोडून या दोघी. तिघींवर सा रे ग, दोघींवर प ध. मधल्या तीन बोटांनी तिघी, मग हात उचलून पहिल्या दोन बोटांनी दोघी. अंगठ्याला सध्या सुट्टी."

तिघी, आणि मग दोघी. बारकीला चादरीशी उभ्या तिघी आठवल्या, आणि आई गेल्यावर उरलेल्या दोघी. ती पट्ट्यांवर बोटं ठेवून बसली.

घरी सराव सुरू झाला. वर जायचं, खाली यायचं. तिघी, दोघी, पुढच्या तिघी, मग उलट. नुसतं बोट दाबलं की वाजतं असं तिला वाटलं होतं, पण करंगळीशेजारचं बोट जन्माचं आळशी निघालं. ते दाबायला गेलं की शेजारच्यालाही ओढून न्यायचं. हात उचलून दोघींवर न्यायचा तर मधे सूर तुटायचा, शिलाईत टाका सुटावा तसा. बाई म्हणायच्या, "हळू वाजवा, पण सारखं वाजवा." बारकी म्हणायची, "शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना मी हेच सांगते. माझ्यावर आलं तर कसं जड जातं बघा." ती मशीनवर बसल्यासारखीच पाठ ताठ करून बसायची आणि पायाने ठेका धरायची, जणू खाली मशीनचं पायडल आहे.

नवरा आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायचा. सुरुवातीला तो म्हणाला, "नव्याचे नऊ दिवस." नंतर म्हणाला, "अगं, हे वर-खाली वर-खाली मी दिवसभर जिन्यावर करतो. घरी पण तेच?" आणखी काही महिन्यांनी म्हणाला, "काल स्वप्नात ध आला होता. त्याला मिशा होत्या."

हात बसू लागला तशी ती शेवट शोधू लागली. ग प ध, आणि पुढे प. ग प ध, आणि पुढे वरचा सा. ग प ध रे. ग प ध ग. गंमत अशी की काहीही वाजवलं तरी छानच वाटायचं. सुरुवातीला तिला आनंद झाला, मग ती घाबरली. एके दिवशी तासाला गेल्या गेल्या म्हणाली, "बाई, यात चूक का कळत नाही?"

"कारण हे पाचही सूर एकमेकांशी भांडत नाहीत, काकू. कुणालाही कुणाशेजारी बसवा. म्हणून तर मुलांना मी आधी हेच देते. चुकायची भीतीच नाही."

"पण मला चुकायचंय. चुकल्यावर टोचलं तर कळेल ना, की हे आईचं नाही म्हणून?"

बाईंनी रुमाल काढला. त्यांनी शिंकून घेतलं.

बारकीचं दुःख असं होतं. हरवलेलं मूल शोधायला बाजारात जावं आणि तिथली सगळीच पोरं "आई, आई" म्हणत येऊन बिलगावीत, मग आपलं कोणतं ते कसं ओळखायचं? दिवसामागून दिवस ती नवनवे शेवट वाजवायची, प्रत्येकाशी थोडा वेळ थांबायची, आणि प्रत्येकाला परत पाठवायची. पांढऱ्या पट्ट्यांवरही तिने चाल बसवून पाहिली. तिथे अंगठा तीन बोटांच्या खालून पुढे काढायचा आणि मध्यम ओलांडायचा. बोट कधी चुकून मध्यमावर पडलं की दचकायला व्हायचं, घरात कुणी न विचारता शिरल्यासारखं. तेवढीच एक चूक तिला ओळखता येत होती. आई मध्यमावर कधीच जात नव्हती. एवढं तरी नक्की, असं म्हणून ती त्या चुकीलाही जपायची.

ताईला तिने पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं होतं. ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. सूतिकागृहात आया म्हणून जन्म गेला, बाळांच्या रडण्यात आणि बायांच्या ओरडण्यात. "म्हणूनच कान गेले," ती म्हणायची. "देवाने जेवढं ऐकायला दिलं होतं तेवढं सगळं तिथेच ऐकून संपवलं." आईच्या चालीचं विचारलं की ती हात झटकायची. "मला कुठलं आठवतंय? माझं लक्ष टोकांकडे. टोक चुकलं तर आई परत झटकायला लावायची. गाणं तू ऐकलंस, तुला काय काम होतं? झोळ धरून उभी."

"तू कधी गुणगुणत पण नाहीस आता."

"मला माझंच ऐकू येत नाही, तर कशाला गुणगुणू? भिंतीला ऐकवायला?"

नंतर कानाचे डॉक्टर म्हणाले की जे उरलंय तेही जाणार. आधी वरचे सूर जातील, मग खालचे. यंत्राने बोलणं कळेल, पण गाणं पूर्वीसारखं लागणार नाही. ताईने हे फोनवर सांगितलं ते भाजीचे भाव सांगावे तसं. बारकीने फोन ठेवला आणि पियानोसमोर जाऊन बसली, पण वाजवलं नाही.

आईची चाल ऐकलेली माणसं जगात दोनच होती. त्यांतल्या एकीचे कान मिटत चालले होते. ते पुरते मिटायच्या आत आपण वाजवायचं, आणि ताईने म्हणायचं, हो, हीच. बारकीला दुसरं काही नको होतं. ताईने हो म्हटलं नाही तर ती चाल खरोखर आईची होती की बारकीच्या मनाची, हे सांगणारं पुढे कुणीच उरणार नव्हतं.

मग तिने चाल खाली आणली. वरचं ऐकू येत नाही ना, तर खालच्या सप्तकात, डाव्या हाताने. डावा हात म्हणजे जन्मभर धरायचंच काम केलेला. उजवा ढवळतो, हा पातेलं धरतो. उजवा शिवतो, हा कापड धरतो. त्याला पुढाकार घ्यायची सवयच नाही. आणि डाव्या हाताची बोटं उलटी, सा घ्यायला करंगळीकडून यायचं. बारकी त्याला लहान मुलासारखं चुचकारायची. "चल बाबा, तुझंही नाव होऊ दे." बाईंनी पाहिलं की काकू शेवटाशी अडून झुरताहेत, तेव्हा त्यांनी आपणहून ध प ग रे सा दिला. "काकू, प्रत्येक चाल शेवटी सा वर घरी येते. तुमच्या आईची पण आलीच असणार."

बारकीने तो घेतला. नाही म्हणायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

त्या दुपारी ताई आली ती धापा टाकत, कानात नवं यंत्र, हातात छत्री, पिशवी आणि तोंडी तक्रार घेऊन. बसमध्ये वाहकाने काय विचारलं ते कळलं नाही, म्हणून नुसती मान हलवली, तर त्याने शेवटच्या थांब्याचं तिकीट दिलं. "मानेने हो म्हणायची सवय वाईट बघ," ती म्हणाली.

"ताई, इथे बस," बारकी मोठ्याने म्हणाली.

"ओरडू नकोस. बहिरी आहे, लांब नाही."

बारकीने तिला खुर्ची पियानोला चिकटवून दिली आणि तिचा तळहात लाकडावर ठेवला. ताईने प्रश्नार्थक पाहिलं, पण हात काढला नाही. बारकीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं, डावा हात खालच्या तिघींवर नेला आणि वाजवलं. सा रे ग. सा रे ग. ग प ध प. एकही टाका सुटला नाही. ग प ध, आणि मग उतरत ध प ग रे सा.

ताईचा हात लाकडावरच होता. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून बारकीला वाटलं की झालं.

"सुरुवातीचं लागलं," ताई म्हणाली. "अगदी आई. आईच्या चपलांचा आवाज आला मला. पण शेवटचं ते काय होतं?"

"काय म्हणजे?"

"ते उतरलीस ते. छान वाजवलंस गं. पण ते आईचं नाही."

बारकीचे हात मांडीत पडले. वर्षभर तिला जे टोचायला हवं होतं ते आता टोचलं. "मग आईचं कसं होतं? सांग ना. प वर यायचं? वर जायचं? मी सगळं वाजवून दाखवते, तू नुसती मान हलव."

"मानेने हो म्हणणार नाही, आत्ताच सांगितलं," ताई म्हणाली. मग कपाळाला आठ्या घालून बसली, पण काही आठवेना. माणसाला नुसतं बसून आठवत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. जन्मात ती कधी नुसती बसलेली नव्हती. तिची नजर खोलीभर फिरली आणि स्टुलाखाली पडलेल्या चादरीवर अडली.

"ही अशी टाकतात? आईने पाहिलं असतं तर." ती उठली, दोन टोकं उचलून बारकीच्या हातात दिली आणि आपली दोन घेऊन मागे मागे गेली, पाठ स्वयंपाकघराच्या दाराला लागेपर्यंत. "ताण."

बारकीने ताणली. दोघींनी झटका दिला. मग ताई चालू लागली, आणि चालता चालता गुणगुणू लागली. तिला स्वतःचं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे सूर थोडा इकडे, थोडा तिकडे, पण पावलं बरोबर होती. सा रे ग ला पहिली दोन पावलं. ग प ध प ला मधली. झोळ फरशीला टेकला, कारण तो धरायला आज मधे कुणी नव्हतं. ग प ध. ताई बारकीसमोर येऊन उभी राहिली, तिच्या बोटांतून टोकं काढून घेतली, चारही टोकं एकत्र केली आणि दातांत धरली. गुणगुणणं थांबलं. तिने वाकून झोळाची कड उचलली, ती वरच्या कडेला लावली, घडी दंडावर टाकली, दातांतलं कापड सोडलं आणि म्हणाली, "हं, पुढची."

मग तिचं लक्ष दातांच्या खुणा उमटलेल्या टोकाकडे गेलं.

"तोंडात टोक," ताई हळू म्हणाली. "अगं, आईच्या तोंडात टोक असायचं. गाणार कशी?"

बारकीने ताईच्या दंडावरच्या घडीकडे पाहिलं. चादरीखाली उभं राहून तिने आईचे पाय पाहिले होते, चपला पाहिल्या होत्या, साडीची ओली कड पाहिली होती. आईचं तोंड तिथून दिसत नव्हतं.

"म्हणजे पुढे काही नव्हतंच?"

"होतं की. 'हं, पुढची.' तुला काय वाटलं, तुझ्यावर पांघरूण घालून आई मला एकटीला शेवट ऐकवायची?" ताईने हसायला सुरुवात केली आणि ते मधेच कुठेतरी वेगळंच झालं. तिने चादरीच्या घडीने डोळे पुसले. "माझ्या हातातून टोकं काढून घ्यायची ना, तेव्हा तिची बोटं ओली, गार असायची. ते आठवतं मला. गाणं नाही आठवत. बोटं आठवतात."

बारकीने घडी तिच्याकडून घेतली आणि उलगडली.

"झालेलं काम मोडतेस?"

"पुन्हा एकदा. तू आईच्या जागी, मी तुझ्या."

"आणि झोळ?"

"लोळू दे."

त्यांनी त्या चादरीची घडी किती वेळा घातली आणि मोडली, कुणास ठाऊक. दर वेळी चाल ध पर्यंत चढायची, ताईचे हात यायचे, आणि बारकीच्या बोटांतून टोकं जायची. तिला समाधान झालं असं म्हणता येणार नाही. इतकी वर्षं जी वस्तू शोधली ती मुळात नव्हतीच, हे कळून समाधान कसं होणार? ध नंतर तिथे सूर नव्हता. आईचे हात होते. सूर असता तर तो सापडला असता, बोटांत बसवता आला असता. हातांचं काय करणार? सकाळच्या प्रार्थनेत ती जे मागायची त्याला देवाने नाही म्हटलं नव्हतं, इतकंच. बहिणीला बसमधून पाठवून दिलं होतं.

शेवटी ती पियानोशी बसली. ताईने पुन्हा तळहात लाकडावर ठेवला. डावा हात खालच्या तिघींवरून दोघींवर गेला, ग प ध, आणि बारकीने तो पट्टीवरून उचलला. ध खोलीत थोडा वेळ राहिला आणि मग विरला.

"हं," ताई म्हणाली. "हीच." मग तिने कानाशी बोट नेऊन यंत्र हलवलं, पुन्हा हलवलं. "पुढचं काही ऐकू येत नाही म्हणते मी, तर याचा जीव गेलाय. सकाळपासून किरकिरत होतं."

"संपले असतील सेल," बारकी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली.

"घरी आहेत दुसरे. घरी असून काय उपयोग? परत बसमध्ये तो काहीतरी विचारणार."

बारकीने पियानोचं झाकण लावलं, चादर कपाटात ठेवली आणि चपला शोधल्या. ताईला खुणेने बस म्हणून सांगून ती पैशांची पिशवी घेऊन निघाली. चष्म्याचं दुकान बंद व्हायच्या आत ताईच्या यंत्राचे सेल आणायचे होते.